शेवट आधीच सांगणाऱ्या बाई

मोताळा, बाजाराचा दिवस, १९६३

आज माझ्या पुस्तकांच्या दुकानात बसलो होतो खरा, पण कान शेजारच्या वाचनालयाच्या ओट्यावर. शाळेतल्या नव्या बाई तिथे पोरांना कादंबऱ्या सुचवत होत्या. मोताळ्यात हे काम माझं. डोक्यावर पेटी घेऊन गावोगाव पुस्तकं विकायचो तेव्हापासून. पहिलं प्रकरण रंगवून वाचायचं, नायक विहिरीत पडला की पुस्तक मिटायचं. मग पोरगं ते घेतल्याशिवाय हलत नाही.

आणि बाई काय करतात? शेवटच सांगून टाकतात! "यातली मुलगी घरी परत येत नाही. का, ते वाचा." तरी पोरांची झुंबड. त्यात माझी लेक सुमी सगळ्यांत पुढे. माझी!

संध्याकाळी न राहवून तिला विचारलं, "शेवट ठाऊक हाय, तं वाचून राह्यली काऊन वं?"

"बाबा, तुम्ही मधातच थांबता. मंग मी नुसती पानं पयवतो, पुढं काय झालं म्हणून. आता हळूहळू वाचून राह्यली, त्या पोरीसंगं."

शेवट सांगून टाकायचा! यात कसली आली हुशारी?

सुमी पाण्याला गेली तेव्हा पुस्तक उचललं. फक्त खोट काढायला. मुलगी परत येत नाही हे मलाही ठाऊक, तरी पानापानावर वाटतं, येईल.

आता सुमी घरभर शोधते आहे. "बाबा, माहं पुस्तक पाह्यलं काय?"

"नाही वं बाप्पा," म्हणालो. पुस्तक मांडीखाली आहे. अजून बरीच पानं राहिलीत. बाईंना मात्र हे कळता कामा नये.