मिस्त्री अजून वरच आहे

२ तारीख, गुरुवार

आले एकदाची. टेम्पोतून आधी शिलाई मशीन उतरलं, मग मी उतरले. टेम्पोवाल्याने विचारलं, बाई, यात दगड भरलेत का. म्हटलं, अर्धं आयुष्य भरलंय, जपून ठेवा.

घर चांगलं उंच जोत्यावरचं आहे. पुढे एक मोठी खोली, मागे स्वयंपाकघर, मधे चिंचोळा बोळ आणि बोळाला लागून निजायची खोली. घराला एकच दार, तेही बाजूने या बोळात उघडणारं. पुढच्या खोलीला रस्त्याकडे भलीमोठी खिडकी आहे, तिला गज नाहीत. दलालाने हा घराचा दोष म्हणून सांगितला होता. मी घर घेतलं ते याच खिडकीसाठी. गिऱ्हाइकाला उजेडात उभं करून माप घेता येईल.

खरा दोष छपराचा आहे. कौलारू आहे आणि जागोजागी आभाळ दिसतं. पण माझं आहे. दादाच्या मागच्या खोलीत मी इतकी वर्षं लोकांचे कपडे शिवले, आणि तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा, बहीण माझ्या छपराखाली आहे. पत्ता विचारायला आलेल्या माणसालासुद्धा हे सांगायचा. वहिनी शेजारी उभी राहून मान हलवायची.

वीस तारखेला दोघांना जेवायला बोलावलंय. पुढच्या खोलीत बसवणार आणि वर बघायला लावणार. तोपर्यंत छप्पर झालं पाहिजे, मग मला दुसरं काही नको.

६ तारीख, सोमवार

छपराचं गणित शिकतेय. पहिला ठेकेदार स्कूटरवरून उतरलाच नाही. रस्त्यावरून वर बघितलं आणि आकडा सांगितला. कसा काढलात विचारलं, तर म्हणे अनुभव आहे. अनुभवाला नमस्कार केला आणि वाटेला लावला.

दुसरा कंपनीचा माणूस. टेप लावून मापं घेतली आणि दोन पानी कागद दिला. जुनी कौलं उतरवायचे वेगळे, राडारोडा उचलायचे वेगळे, वासे, रिपा, आढ्यावरची कौलं, पन्हळ, सगळं वेगळं. शेवटचा आकडा बघून वाटलं, एवढ्यात मी दुसरं घर घेईन. पण त्या कागदाने मला शहाणं केलं. कौलं डोळ्यांना दिसतात म्हणून लोक कौलांचा भाव विचारत बसतात. पैसा जातो तो कौलांखालच्या लाकडात. वासे म्हणजे जाड लाकडं, त्यांच्यावर आडव्या ठोकतात त्या पट्ट्या म्हणजे रिपा, आणि कौल अडकतं ते रिपेला. रीप कुजकी असली तर वर सोन्याचं कौल घातलं तरी गळणारच. कपड्याचं असंच असतं, अस्तर चोरलं की बेतलेला कोट महिन्यात लोंबतो.

तिसरा मिस्त्री शेजारच्या काकांनी पाठवला. हा मात्र सरसर वर चढला, चार कौलं काढून आत हात घातला, लाकूड नखाने टोकरून पाहिलं. खाली येऊन सांगितलेला आकडा कंपनीच्या निम्म्याहून कमी, तोही सगळ्या रिपा नव्या धरून. एकटाच काम करतो, हाताखाली कोणी नाही. बोलायला गोड, ताई ताई करतो. हाच ठरवला.

९ तारीख, गुरुवार

काम सुरू. नऊच्या ठोक्याला ठोकाठोकी चालू होते, पाचला बंद. दुपारचं जेवण झालं की तोंडावर टोपी घेऊन वरच आडवा होतो. रविवारी सुट्टी. मोठ्या कचेरीतला साहेबही एवढी वेळ पाळत नसेल. शिडी त्याची स्वतःची आहे, लाकडी आणि चांगली लांब. ती पुढच्या भिंतीला लावलेली असते.

आज मशीनवर पाच परकर शिवून झाले. वर त्याची हातोडी, खाली माझं मशीन. घराला घरपण येतंय.

१३ तारीख, सोमवार

फसवलं मेल्याने.

दुपारी पाठ दुखली म्हणून पलंगावर आडवी झाले आणि वर नजर गेली. नव्या रिपा तेल पिऊन चकाकत होत्या. पण एकेका रिपेला जागोजागी बारीक भोकं दिसली. खिळ्यांची जुनी भोकं. जुन्याच रिपा उलट्या करून, तेल फासून, परत ठोकल्यात. विटलेली कॉलर उसवून उलटी लावतात, तसं. ही चलाखी मला शिकवतो का हा? नव्या रिपांची भारी सगळ्यांना दिसेल अशी पुढच्या अंगणात रचून ठेवलीय, ती जशीच्या तशी आहे. ती जाणार दुसऱ्याच्या घरी.

बाहेर जाऊन विचारलं. तो वरून हसला. म्हणाला, "ताई, तुम्ही सुईदोरा बघा. छपरातलं बायकांना काय कळतंय?" कुंपणापलीकडे काका उभे होते, तेही हसले.

दादा असाच हसायचा. खोली गळते म्हटलं की म्हणायचा, बादली लाव.

जेवण गेलं नाही. आता मी कुणाचं हसणं ऐकून घेणार नाही. याला असा धडा शिकवीन की जन्मभर लक्षात राहील.

१४ तारीख, मंगळवार

आजचा दिवस झकास गेला.

दुपारी तो वर पलीकडच्या बाजूला होता. मी शिडी काढली. जड होती, पण राग माणसाला बळ देतो. दारातून नेली तर बोळात वळेना, म्हणून मोठ्या खिडकीतून आत सरकवली आणि पुढच्या खोलीत भिंतीकडेने आडवी ठेवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत आली.

थोड्या वेळाने वरून आवाज आला, "ताई, शिडी लावा. पाणी प्यायचंय." त्याची बाटली खाली पायरीवरच होती.

मी म्हटलं, "आधी रिपा बदला. मग उतरा."

तो आधी हसला, मग हसायचा थांबला. मी घराला कुलूप घातलं आणि बाजारात गेले. ऊन असं होतं की चप्पल डांबराला चिकटत होती. गार सरबत घेतलं, ते मुद्दाम हळूहळू प्याले. पडद्यांचं कापड बघायला चार दुकानं पालथी घातली. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

ऊन उतरल्यावर आले तर वर सामसूम. हाका मारल्या, उत्तर नाही. रस्त्यापलीकडे जाऊन पाहिलं, छपरावर कोणी नाही. मारली असेल उडी. ही माणसं मांजराच्या जातीची. बाटली पायरीवर तशीच आहे, भरलेली.

१५ तारीख, बुधवार

मिस्त्रीची बायको आली होती. नवरा रात्री घरी आला नाही म्हणाली. मी सांगितलं, काल दुपारीच गेला.

ती माझ्याकडे बघत नव्हती. खिडकीतून आत बघत होती. हळूच म्हणाली, "शिडी आत आहे. मग तो उतरला कसा?"

मी म्हटलं, मला काय माहीत, माणूस तुमचा. शिडी नेते म्हणाली. देऊन टाकायची होती. पण तिचा तो शांत आवाज मला झोंबला. म्हटलं, माझं काम पुरं झाल्याशिवाय शिडी मिळणार नाही. त्याला पाठवा.

तिने पदराने तोंड पुसलं. म्हणाली, "बरं. होऊ दे काम पुरं. मग तोही त्याच्याआधी उतरायचा नाही." आणि गेली. रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

१६ तारीख, गुरुवार

नऊच्या ठोक्याला वर ठोकाठोकी सुरू!

बाहेर धावले. छपरावर कोणी दिसेना. आत आले तर डोक्यावरून पावलं गेली, कौलं करकरली. अंगणातली रिपांची भारी अर्धी झालीय. पलंगावर पडून वर पाहिलं, नव्याकोऱ्या रिपा आहेत, एकही जुनं भोक नाही. लाजेने लपून काम करत असेल. करू दे. धडा बरोबर बसलाय, आणि वरचा एक पैसा न देता.

बाटली मात्र अजून पायरीवरच आहे. वर पाणी कुठलं पितो कोण जाणे.

मशीनच्या वर छपरात उजेडासाठी दोन काचेची कौलं होती, ती काढून साधी बसवलीत. दुपारीच दिवा लावावा लागला. ओरडून सांगितलं, ते काचेचं परत लावा. ठोकणं क्षणभर थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

१७ तारीख, शुक्रवार

वळचण खाली आलीय.

नव्या रिपा छपराच्या कडेवरून पुढे आल्यात, त्यांना कौलं लटकतायत, मोठ्या खिडकीच्या निम्म्यापर्यंत. ओळ कशी सुतात आहे. काम नाव ठेवण्यासारखं नाही, हेच भयंकर आहे.

काका रस्त्याने चालले होते. खालच्या फटीतून त्यांना हाक मारली आणि म्हटलं, खिडकीचं हे काय झालंय बघा. म्हणाले, काय झालंय, छान सताड उघडी तर आहे, हवा खेळत असेल. छप्पर मात्र नामी झालंय म्हणाले. थट्टा करतायत असं वाटलं. पण त्यांचा चेहरा साधा होता.

त्यांना पुढे काही विचारलं नाही. परत हसतील.

१८ तारीख, शनिवार

खिडकी गेली. वरपासून खालपर्यंत कौलं. हाताने ढकलली, भिंत ढकलल्यासारखं. स्वयंपाकघराची पण गेली.

शेवटी हरले. वर तोंड करून म्हटलं, उतरा, झालं गेलं विसरू. पाणी देते, पैसे देते, म्हणाल ते देते.

ठोकणं थांबलं. माझ्या बरोबर डोक्यावर. मग तोच आवाज, राग नाही, काही नाही —

"शिडी लावा, ताई."

लावायला धावले. शिडी खिडकीतून आत आली होती. खिडकी आता नाही. दाराकडून नेली, बोळात अडकली. तिरकी केली, उभी केली, भिंतीचा गिलावा पडला. शिडीचे पाय कापायला करवत नाही, काकांकडे मागितली तर पुन्हा हसतील, सुरी घेऊन बसले तर सुरी मोडली. वर तो वाट बघत होता. मी रडत होते ते त्याला ऐकू जात असणार.

मग पुन्हा ठोकायला लागला.

१९ तारीख, रविवार

सुट्टी. आवाज नाही.

दाराला कमरेएवढी वाट उरलीय. वाकलं तर बाहेर जाता येतं. सकाळी गेलेही होते, पायरीपर्यंत, पिशवी घेऊन.

जाऊ कुठे? उद्या दादा यायचा. त्याच्यापुढे रस्त्यावर पिशवी घेऊन उभी राहू, आणि सांगू की माझ्या घरात मला राहता येत नाही? तो म्हणेल, चल, मागची खोली रिकामीच आहे. वहिनी मान हलवेल. त्यापेक्षा मेलेलं बरं.

उद्या सकाळी नऊच्या आत जाईन. नाहीतर दादा यायच्या वेळी बाहेर पडेन, तुमचीच वाट बघत होते म्हणून, फिरायला गेल्यासारखी —

परत आत आले. माझं घर आहे.

२० तारीख, सोमवार

डोळा लागला. ठोकण्यानेच जाग आली. दार नाही.

—

सगळीकडे कौलं. बोळातही. भिंत कुठे संपते कळत नाही. आढ्यापाशी एका कौलाची जागा उघडी आहे, तेवढा उजेड पडतोय. त्याच्याखाली बसून लिहितेय. ओरडून घसा बसला, मग काका गेले रस्त्याने, शीळ घालत.

—

फाटक वाजलं. दादा. वहिनीच्या बांगड्या.

किती स्वच्छ ऐकू येतंय. दादा दार वाजवतोय, ते मात्र दुसऱ्याच कुठल्या घराचं वाजल्यासारखं.

वरून आवाज गेला, गोड, ताई बाहेर गेल्यात म्हणून.

दादा म्हणतोय, छप्पर झकास केलंय हो. आमच्याही घराचं करायचंय, काय घ्याल? मिस्त्रीने आकडा सांगितला. कमी, फारच कमी. वहिनी म्हणाली, मग उद्याच या.

उजेडाची जागा त्यांच्या बाजूलाच आहे. आवाज बसलाय, पण एक हाक जाईल. एकच जाईल.

मारली नाही.

जाऊ दे म्हटलं त्याच्याकडे. ठेवू दे कामाला. आधी खिडक्या, मग दार. मग कळेल त्याला. वहिनीलाही. तोंडावर हात दाबून हसले, खूप हसले, डोळ्यांत पाणी आलं —

दादाने विचारलं, इथलं कधी उरकेल.

आत्ताच, म्हणाला. एकच कौल राहिलंय.

—

एकच

दादा गाडी चालू करतोय. अजून फाटकाशीच आहे. मारते हाक. नको त्याचं काही व्हायला, मला फक्त — दादा म्हटलं की तो वळेल, लहानपणी वळायचा, किती लांबून —

आवाज निघत नाही

हसण्यात गेला

पावलं वर आली. उजेड अर्धा झा

दा