रोजच्या कामाची गाडी

३ ऑगस्ट, रविवार
गाडी आली. टोइंगवाल्याने ओढत आणली, पण आली. सोळा वर्षांची, डिझेल, सात सीट. रंग पांढरा (बऱ्याच ठिकाणी). विकणारा म्हणाला, इंजिन थकलंय, गेलेलं नाही. दुकानाच्या दारासमोर, पायरीपासून दोन हातांवर नाक करून लावली. कात्री खाली ठेवली की लगेच पाना हातात. आमच्या अख्ख्या बोगादी भागात एवढी उंच गाडी दुसऱ्या कुठल्या टेलरकडे नाही.
प्लॅन: पंधरा दिवसांत रिपेरी पूर्ण. मग रोज सकाळी बन्नूर. तिथल्या शाळेचा माल पोचवायचा, वाटेतल्या शाळांच्या ऑर्डरी घ्यायच्या. मांडीवर गठ्ठे घेऊन बसमध्ये बसणं कायमचं बंद.
बायको कावेरीने गाडीभोवती एक फेरी मारली आणि दुकानात उजेड येत नाही म्हणाली. ती कुठल्याच गोष्टीचं कौतुक पहिल्या दिवशी करत नाही.

६ ऑगस्ट
बन्नीमंटपचा मेकॅनिक हयग्रीव येऊन बघून गेला. म्हणे, आमच्या गॅरेजला आणा, महिना लागेल, आणि तोवर बॉनेटखाली हात घालू नका. मी हसलो. तीस वर्षं कोटाच्या बाह्या बसवतोय. बाही बसवणाऱ्याला रबरी पाइप बसवता येणार नाहीत?
संध्याकाळी माप-वहीत गाडीचं पान उघडलं. लांबी, रुंदी, उंची घेतली. सवयीने कंबरही घेतली.

१० ऑगस्ट
आज बॉनेटखालचे सगळे पाइप सोडवले. एकोणीस निघाले. लेक चैत्रा म्हणाली, अप्पा, फोनवर फोटो काढून ठेवा. हल्लीच्या मुलांना फोनशिवाय काही दिसत नाही. मी प्रत्येक पाइपवर आणि तो जिथून निघाला त्या तोंडावर खडूने नंबर घातला. एक ला एक, दोन ला दोन. या खडूवर तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाची डावी बाही उजवीकडे गेलेली नाही.
पुढची दोन चाकंही काढली. गाडी विटांवर उभी आहे. ब्रेक बघायचे आहेत.

१२ ऑगस्ट
बन्नूरहून सुमा मिसचा फोन. शाळेच्या १८० ट्रॅक पॅन्ट, १८ सप्टेंबरच्या आत, म्हणजे दसऱ्याच्या सुट्टीआधी. पुढे असंही म्हणाल्या की मॅनेजमेंट रेडीमेडवाल्याशी बोलतंय, तेव्हा या वेळी उशीर नको. ही शाळा सहा वर्षांपूर्वी कावेरीने मिळवली. बाकी सगळी आल्टरेशनं. शाळा गेली तर दुकानात उरेल फक्त झिप बदलणं.
काळजीचं कारण नाही. पॅन्टी गाडीतून जातील.

१७ ऑगस्ट
पंधरा दिवस झाले. इंजिनाला घाई करून चालत नाही. माणसाने जे येतं त्यापासून सुरुवात करावी म्हणून सीटा घेतल्या. मरून रेक्झिन, क्रीम पायपिंग, डबल शिलाई. मधली सीट पूर्ण काढून ओसरीत ठेवली आहे. जाड सुईसाठी मोठं मशीन लागतं. कावेरी तेवढे दिवस लहान मशीनवर पॅन्टी शिवेल.

२९ ऑगस्ट
गौरी-गणपतीत पाहुणे आले. सगळे गाडीत बसून बघून गेले. सीटा बघून दाजी म्हणाले, विमानात बसल्यासारखं वाटतं. कुणीही इंजिनाबद्दल विचारलं नाही. यावरून लोकांना खरं महत्त्व कशाचं वाटतं ते कळतं.
कावेरी पुन्हा उजेडाचं म्हणाली. गाडी थोडी मागे घ्या. मी समजावलं की चाकं नाहीत, शिवाय उतार दुकानाकडे आहे, मागे म्हणजे चढ. बल्ब आणून देतो म्हणालो.

५ सप्टेंबर
छताचं कापड बदललं. आत अस्तर. एकही सुरकुती नाही. बल्ब उद्या.

९ सप्टेंबर, दुपार
कावेरीच्या बोटातून सुई गेली. डाव्या हाताची तर्जनी, नखातून आरपार. मी गाडीत आडवा होऊन मागचा पडदा बसवत होतो. ती ओरडलीसुद्धा नाही. चैत्राने हाक मारली तेव्हा कळलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, एवढी वर्षं शिवताय, मग असं कसं झालं? ती म्हणाली, अंधार होता. माझ्याकडे बघितलं नाही.
तीस वर्षांत तिच्या बोटाला सुई लागलेली मला आठवत नाही. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.
उद्या सकाळी पहिलं काम: चाकं लावून गाडी मागे घेणे. पक्कं.

१० सप्टेंबर
पाऊस. चाकांचे नट कुठल्या डब्यात ठेवले ते सापडेना. बटणांच्या डब्यांत शोधतोय. दोन्ही बल्ब मात्र आणले.

१८ सप्टेंबर
१८० पैकी ११२ झाल्या. बोटाला पट्टी बांधून तिने एवढ्या केल्या. मी कटिंग करणार होतो, पण नट शोधण्यात वेळ गेला. सकाळच्या बसने कावेरी आणि चैत्रा गठ्ठे घेऊन बन्नूरला गेल्या. सुमा मिसनी बोटाकडे बघितलं आणि उरलेल्या पॅन्टींना ६ ऑक्टोबरपर्यंत, शाळा उघडेपर्यंत, वेळ दिला. शेवटचा.
एका अर्थी बरं झालं. सहा तारखेला माल गाडीतून जाईल आणि शाळेवर छाप पडेल.

२८ सप्टेंबर
नट सापडले. काज-बटणांच्या डब्यात नव्हते, हुकांच्या डब्यात होते. चाकं चढवली. पाइप उद्या-परवा जोडतो, खुणा आहेतच, तासाभराचं काम. आयुधपूजेला गाडी चालू. दसऱ्याला सगळ्यांना घेऊन गाडीतून बन्नीमंटपला, मशालींची परेड बघायला. घरात जाहीर केलं. चैत्रा हूं म्हणाली.

३० सप्टेंबर
उद्या आयुधपूजा. गल्लीत सगळ्यांच्या गाड्या धुणं चाललंय. शेजारच्या सदाशिवरावांकडून प्रेशरचा पाइप मागून आणला आणि गाडी आंघोळ घालून काढली. पूजेला मळकं चालत नाही, म्हणून बॉनेट उघडून इंजिनही धुतलं. सोडवलेले पाइप पाटीत घालून साबणाने घासले. सोळा वर्षांचा काळा मळ निघाला. काय चकाकतंय सगळं. असं स्वच्छ इंजिन हयग्रीवने जन्मात बघितलं नसेल.

३० सप्टेंबर, संध्याकाळ
खडू पाण्याने जातो.
हे मला माहीत आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाला मीच सांगतो, खुणा पहिल्या धुण्यात जातील, काळजी करू नका. एकोणीस पाइप, एकोणीस तोंडं, सगळी सारखी काळी. चैत्राने विचारलं, फोटो? मी म्हणालो, चहा कर.

१ ऑक्टोबर, आयुधपूजा
कात्री, इस्त्री, दोन्ही मशिनं पूजेला मांडली. शिलाई बंद. बोटाची पट्टी सांभाळत कावेरीने मशिनांना हळदकुंकू लावलं. गाडीला झेंडूचा हार, विभूतीचे पट्टे, समोर कोहळा फोडला. चार चाकांखाली चार लिंबं. आता गाडी त्यांच्यावरून जायला हवी, त्याशिवाय पूजा पुरी होत नाही. गल्लीतले लोक बघत उभे. सदाशिवराव म्हणाले, स्टार्ट करा.
मी म्हणालो, आमच्यात पहिल्या वर्षी ढकलायची पद्धत आहे.
सहाजणांनी ढकलली. लिंबं चिरडली. उतार दुकानाकडे, त्यामुळे गाडी थांबली नाही. बंपर पायरीवर चढून दाराला टेकला. दार आता वीतभर उघडतं. ओसरीकडून आत जाता येतं, पण दुकानात दिवसा काळोख. मागे घ्यायला आठ माणसं लागतील आणि सगळे जेवायला गेले.
लोक गेल्यावर मी कावेरीला सांगायला लागलो की इंजिन एकदा चालू झालं की बघ. ती पायरीवर बसून होती.
"अहो, साकु आता, पुरे," ती म्हणाली. "मला गाडी नको होती. तुम्ही दोन महिने जे अडवून बसलाय ना, तेवढंच पायजे होतं. बेळकु. उजेड."
मी चिरडलेली लिंबं गोळा केली.

२ ऑक्टोबर, दसरा
परेड टीव्हीवर पाहिली. पॅन्टी ६८ च्या ६८ बाकी, कारण डॉक्टरांनी सांगितल्यावरून दोन आठवडे कावेरीच्या बोटाला विश्रांती होती. दिवस चार.

३ ऑक्टोबर
सकाळी उठलो तर मशीनचा आवाज गाडीतून. काढून ओसरीत ठेवलेल्या मधल्या सीटच्या रिकाम्या जागी, गाडीच्या मध्यभागी, लहान मशीन. खिडकीतून एक्स्टेंशनची वायर. मागच्या सीटवर, मरून रेक्झिनवर, कावेरी. चारी बाजूंनी काचा, ऊन थेट सुईवर पडलेलं. मी कटिंग करून खिडकीतून आत देत राहिलो. दिवसभरात बावीस झाल्या. संध्याकाळी तिने एवढंच सांगितलं की सीट पाठीला बरी आहे. जवळजवळ रडलो.

४ ऑक्टोबर
हयग्रीवला मीच फोन करून बोलावलं. हे मोठेपण माझं, नोंद असावी. त्याने बॉनेटखाली बघितलं, मग म्हणाला, आठ दिवस द्या, ओढून नेतो, चालू करून देतो. खिडकीतून कावेरीने विचारलं, मग मी बसू कुठे?
हयग्रीव कॉफी पिऊन, एका पॅन्टीचं माप देऊन गेला.
दुपारी दोन गिऱ्हाइकं गाडीच्या दाराशी आली. दुकानात कुणी डोकावलं नाही. चैत्राने मागच्या काचेवर पाटी चिकटवली: लेडीज टेलर, आत या.

६ ऑक्टोबर, सकाळी ७:५०, बसमध्ये
उभा आहे. गठ्ठा मांडीवर घ्यायला मांडी मिळालेली नाही, खांद्यावर आहे. पॅन्टी ६८, सगळ्या पूर्ण. ही नोंद खांबाला टेकून.

दुपार, बन्नूर बसस्टँड
माल पोचला. सुमा मिसनी मोजून घेतला, पुढच्या वर्षीची ऑर्डरही देऊ म्हणाल्या, कावेरीच्या बोटाची चौकशी केली. मग गेटबाहेर बघत विचारलं, दामोदरराव, तुम्ही गाडी घेतली म्हणे, आणली नाही?
मी म्हणालो, गाडी रोज कामात असते.