रावेरच्या मशीनचे दोन पत्ते

जळगाव, रविवार दुपार

नाना, तुम्ही गेल्यापासून एक ओळही लिहिली नाही, माफ करा. लिहिण्यासारखं काही नाही असं वाटायचं. आता आहे, आणि ते चांगलं नाही.

केळी पिकवायच्या आपल्या खोल्यांवर लक्ष ठेवणारी मशीनं तुम्ही धुळ्याच्या ऑफिसात बसून बीएसडी या सिस्टिमवर उभी केली होतीत. ती आता लिनक्स या दुसऱ्या सिस्टिमवर न्यायची आहेत. नेटवर्क कार्डाला पत्ता, म्हणजे मशीन दुरून गाठायचा नंबर, देणारे, बदलणारे, काढणारे तुमचे छोटे प्रोग्रॅम नव्या सिस्टिमवर चालतील असे करून देणं हे माझं काम. त्यासाठी तुमचं लिखाण ओळीओळीनं वाचत होतो. पत्ता बदलणारा प्रोग्रॅम काहीही करण्याआधी थांबतो आणि विचारतो, "तठे कोण उभं शे?" तिकडे मशीनपाशी जो माणूस उभा असेल त्याचं नाव टाइप केल्याशिवाय पुढे जात नाही. त्या नावाचा पुढे कुठेच उपयोग नाही.

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. नरडाण्याच्या मशीनचा पत्ता बदलायचा होता आणि मी घाईत माझंच नाव टाकलं. तुम्ही मागेच उभे आहात. "काय भो, तू अठे शे का नरडाणाले?" सगळं ऑफिस हसतं. मग तुम्ही फोन माझ्या हातात देता. "लाव फोन. त्याले सांग, चहा ले, पन मशीनजोडे बशीसन ले." त्या दिवशी मला राग आला होता. इतकी वर्षं गेली, पण नवा प्रोग्रॅम लिहिताना ती ओळ मी काढून टाकली ती निरुपयोगी म्हणून की त्या रागापोटी, हे मला खरंच सांगता येत नाही.

रावेरच्या मशीनच्या एकाच कार्डावर दोन पत्ते होते. पहिला ऑफिसच्या कामाचा. दुसऱ्यावरून, खोली तापली की अक्कांच्या मोबाइलवर इशारा जायचा. तिथल्या खोल्या सांभाळणाऱ्या अक्का तुम्हाला आठवत असतील, तुम्हीच त्यांना ते मशीन शिकवलंत. तुमची रीत अशी, की पहिला पत्ता काढायचा, तोवर दुसऱ्यावरून मशीनशी जोडलेलं राहायचं, मग नवा घालायचा. बीएसडीवर एक काढला की एकच जातो. लिनक्सवर पहिला काढला की त्याच नेटवर्कातले, त्याच्यामागून घातलेलेही निघून जातात. हे मला माहीत नव्हतं. मी तपासलं होतं, नाना, पण माझ्या टेबलावरच्या मशीनवर, ज्याला एकच पत्ता होता.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीआधी मी जळगावहून प्रोग्रॅम चालवला. संपर्क तुटला. रावेरची लाइन जातेच, असं म्हणून मी डबा उघडला. फोन केला नाही. संध्याकाळी तिथल्या एका खोलीचा थंड हवेचा पंखा बंद पडला, इशारा कुठेच गेला नाही, आणि सकाळी अक्कांनी दार उघडलं तर आतली सगळी केळी मऊ पडून काळवंडलेली.

गुरुवारी साहेबांनी त्यांना जळगावला बोलावलं. मी समोरच बसलो होतो.

"इशारा आला होता की नाही?"

"नाही ना साहेब. फोन उशापाशीच होता माझ्या."

"मग मशीन खोटं बोलतं का, अक्का? की तुमची झोप खरं बोलते?" कोणीतरी हसलं. साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा."

मी म्हणालो, "लॉग बघावा लागेल."

लॉग मी बुधवारीच पाहिला होता. मशीननं केलेलं सगळं त्यात वेळेसकट लिहिलेलं असतं, आणि तो इथे जळगावातच साठतो. पहिला पत्ता काढल्याची ओळ आहे, तो कोणी काढला तेही आहे, आणि त्यापुढे काही नाही. मी बोललो त्यात एकही शब्द खोटा नव्हता, हे मी तेव्हापासून स्वतःला सांगतो आहे. अक्कांना खोल्यांवरून काढून पॅकिंगला बसवलंय. काल त्यांचा फोन आला. "भाऊ, मशीननं काय सांगतलं मंग? गावात लोक म्हन्तात, अक्का झोपली." मी म्हणालो, बघतो आहे. त्या म्हणाल्या, "हाव, बघा. तुम्हीच बघू शकता."

प्रोग्रॅम आता दुरुस्त केला आहे. आधी नवा पत्ता घालतो, मग जुना काढतो, आणि त्याच्यासोबत बाकीचे गेले असतील तर तेही परत बसवतो. एवढ्याला अर्धा दिवस पुरला. अक्कांचं मात्र तसंच आहे.

हे पत्र या वहीतच राहणार, तुम्ही आहात तिथे टपाल जात नाही. तुम्ही काही बोलणार नाही, म्हणून आधी तुम्हाला सांगितलं, एवढंच. आणि आणखी एक. आज सकाळी तो लॉग पुसून टाकायची आज्ञा मी टाइप केली होती. एंटर दाबलं नाही, पण बराच वेळ ती खोडलीही नाही.

उद्या: साहेब आले की लॉगचं छापील पान त्यांच्या हातात देणे, आणि त्यांच्यासमोरूनच अक्कांना फोन लावणे.