बिनबंदुकीचं विमान

छावणी, ४ फेब्रुवारी १९४४

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र फक्त तुझ्यासाठी, बाबांना दाखवू नकोस. माझी नेमणूक लढाऊ विमानावर झालीच नाही. शिक्षक म्हणाले की तिथे क्षणात वळणारा माणूस लागतो आणि मी वळण्याआधी विचार करत बसतो. मला मालवाहू मिळालंय. पंख फुटलेली म्हैसच! बंदूक एकही नाही. पोटात पीठ, औषधं, टपाल. वेढ्यात अडकलेल्या पलटणीला वरून पोती टाकायची. दोस्त मला वाणी म्हणतात. बाबांना मात्र मी लढाऊ वैमानिक झाल्याचं कळवून बसलोय. आता काय करू?

तुझा,
भोपू

घर, १९ फेब्रुवारी

चि. भोपूस अ. उ. आ.

तुझं पत्र टेलिफोन केंद्रात कामावर असताना वाचलं आणि हसता हसता एका डॉक्टरांचा फोन लाकडाच्या वखारीला जोडला. गिरणीतून पीठ आणताना निम्मं रस्त्यावर सांडणारा तू, आणि आता आभाळातून नेम धरणार!

पण इकडे बाबांनी आपल्या घड्याळाच्या दुकानाच्या काचेवर लढाऊ विमानाचं चित्र लावलंय. नुसता पट्टा बदलायला आलेलं गिऱ्हाईक तासभर सुटत नाही. मी काही सांगणार नाही, तूच लिही. आणि बंदूक नाही तर शत्रू आल्यावर काय करता, तेही खरंखरं कळव.

तुझी,
ताई

छावणी, २१ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

मी खोटं लिहिलं. तुम्ही इतके खूश होतात की खरं सांगवेना. मी मालवाहू विमान चालवतो. बॉम्बफेकी विमानं शत्रूच्या तोफा गप्प करतात, लढाऊ विमानं वरून राखण करतात, आणि त्यांच्या आडोशानं आम्ही खाली, अगदी हळू जातो. वेग वाढवला तर पोती भलतीकडेच पडतात.

गेल्या मंगळवारी पलटणीनं शेत सपाट केलं होतं, तिथे उतरलो. न्यायचे होते जखमी. नियमानं अठरा, समोर सव्वीस. पलटणीचा आचारी म्हणाला की विमानातली बाकं उपटून टाका, पण कोणाला मागे ठेवू नका. टाकली. झाडांचे शेंडे चाकांना घासले, पंखाला गोळ्यांची भोकं पडली, पण सगळे पोचले.

रागावलात तरी दोन ओळी लिहा.

आपला,
भोपू

घर, ६ एप्रिल

चि. भोपूस अनेक उत्तम आशीर्वाद.

रागावलो होतो. विमानासाठी नव्हे, खोटेपणासाठी. त्या दिवशी एकच घड्याळ दोनदा उघडलं. तुझ्याकडे बंदूक नाही हे ऐकून आई रडली. मग सव्वीसांचं ऐकलं आणि उठून सगळ्या शेजाऱ्यांना सांगून आली.

काचेवरचं ते चित्र मी काढून टाकलं. काल एक म्हातारे निवृत्त शिपाई दुकानात आले. मुलानं आजवर किती विमानं पाडली, असं विचारत होते. मी म्हटलं, पाडलं एकही नाही, माणसं मात्र सव्वीस उचलून आणली. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तसेच उभे राहिले. मला कुठे बघावं कळेना, म्हणून त्यांचं घड्याळ उघडून बसलो. त्यात काहीच बिघाड नव्हता.

सगळ्यांचा जीव तुझ्यात आहे, हे जाणून जपून असावं.

तुझे,
बाबा