बॅटरीसाठी वाजवलेली घंटा

स्वस्ति श्री सकलगुणमंडित, पिरेयसनगरभूषण, ज्येष्ठ भगिनी थिआनोताई हिचे चरणी, समस्तद्वीपविद्युत्कोषाध्यक्ष, पवनचक्रपाल, सूर्यफलकधूलिमार्जक अर्गिरिस याचे दंडवत.

प्रकृती उत्तम. वेळेवर जेवतो. तुझे गुडघे कसे आहेत?

आईच्या अंत्यविधीला निघालो, तेव्हा ज्या वाऱ्याने बोटी अडवल्या आणि मला पोचू दिले नाही, त्यानेच साऱ्या बेटाला वीज देणारी इथली बॅटरी काठोकाठ भरली, हे तुला ठाऊकच आहे. गावात मात्र मी कोणाला काही सांगितले नव्हते.

मंगळवारी वारा पडून चौथा दिवस होता, आभाळही झाकोळलेले. बॅटरीत अष्टमांश वीज उरली. अशा वेळी पाणी तापवणे थांबवा, हे कळवण्यासाठी चर्चची घंटा भरभर वाजवायची, असा इथला नियम. माझ्या हातून ती सावकाश वाजली, एकेक ठोका, मयताला वाजवतात तशी.

सारे गाव काळे कपडे घालून आले.

"कोण गेलं रे?" शेजारच्या मारुसोकाकूंनी विचारले.

"आई."

"कधी?"

"तीन आठवडे झाले."

"आणि आज सांगतोस, गाढवा?" असे म्हणून त्या माझा हात धरून बसल्या.

रात्रीपर्यंत कोणी घरी गेले नाही. घरोघरचा वापर आपोआप थांबला आणि बॅटरी तगली. मला रडू आले नाही, काळजी नसावी. आईच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला येतो.

आज्ञांकित बंधू,
अर्गिरिस

ता. क. लोकांनी जेवणाची अकरा पातेली आणून दिली; सगळी एकाच दुकानातली, एकसारखी. रिकामे पातेले परत करणे इथे अशिष्ट, आणि भरून द्यावे तर कोणते कोणाचे, हे कोणी सांगत नाही.