स्वप्नाली दुसरी

ती. आईस,
ब्लँचर्डस्टाउनहून यामिनीचा नमस्कार.

आम्ही सगळे ठीक आहोत. तुझा गुडघा कसा आहे? फिरायला जातेस ना?

माझा बालवाडी शिक्षिका होण्याचा दर मंगळवारचा संध्याकाळचा वर्ग सुरू झाला. शेजारची स्वप्नालीही आहे. मीच तिला घेऊन गेले. तिची आई तुमच्याच सोसायटीत, तेव्हा तुला कळलंच असेल.

पहिल्या दिवशी बाईंनी वर्षाची उद्दिष्टं लिहायला सांगितली. मी पान भरलं. गंधारची परीक्षा झाली की माझा निबंध, उपेंद्रची बदली ठरली की माझा प्रकल्प. बाई म्हणाल्या, "ग्रँड" (म्हणजे इथल्या बोलीत छान). "पण ही घरच्यांची कामं झाली. तुमचं काय?"

स्वप्नालीने एकच ओळ लिहिली होती : 'जूनमध्ये मी पहिली येईन.' ती बाईंनी वर्गाला वाचून दाखवली.

बसमध्ये मी म्हटलं, "तुझं बरंय गं, नवरा स्वयंपाक करतो."

"करत नव्हता गं. मी वर्गाला निघून आले, तेव्हापासून करतो."

मी दोन स्टॉप आधीच उतरले. पाऊस होता, तरी चालत आले.

घरी तो कागद फाडला. उपेंद्रला सांगितलं, मंगळवारचा कुकर तू लावायचास. तो बरं म्हणाला. इतकं सोपं होतं, याचाच जास्त राग आला.

नव्या कागदावर मीही एकच ओळ लिहिली आहे : 'जूनमध्ये स्वप्नाली दुसरी.'

बाई म्हणतात, इथे नंबर काढत नाहीत. म्हणून तिच्या आईकडून तिचे मार्क तेवढे काढून घेत जा. माझे विचारले, तर सांगू नकोस.

बाबांना नमस्कार.

तुझी,
यामिनी