शाळेच्या मोटारीतले शनिवार

सोलापूर,
ता. १० नोव्हेंबर १९३५

ती. मल्लक्काच्या पायांशी धाकट्या सिद्धनाथचा नमस्कार.

तुझं कार्ड पोचलं. अक्षर मास्तरांचं असलं तरी शब्द तुझेच, हे पहिल्याच ओळीला कळलं. दिवाळीला तुझ्या फुलाला गावी मैंदर्गीस धाडली नाही म्हणून तू रागावलीस. रागावणारच. तिची यंदा सातवीची फायनल आहे. ती परीक्षा काय असते ते तुला मास्तर सांगतील. सुट्टीतही बाईंनी मुलींना बोलावलं होतं. शिवाय तिला जरा पडसं झालं होतं, म्हणून एवढा प्रवास नको म्हटलं. आता बरी आहे. अंगानं थोडी उतरली आहे, पण वाढत्या वयाच्या पोरी अशाच दिसतात.

आता एक नवल कळवतो. नऊ वर्षं मी शाळेची जी मोटार चालवली, ती शाळेने काढून टाकली. कमिटीने नवी आणली. जुनी कुणी घेईना. शेवटी हेडबाई म्हणाल्या, "सिद्धनाथ, तुम्हीच घेऊन जा तिला. तुमच्याशिवाय ती कुणाचं ऐकतही नाही." गाडी कुणाच्या दारात नेऊन लावू, असा प्रश्न पडला. आमच्या चाळीच्या बोळात ती वळतही नाही. दस्तगीर मिस्त्रींची टांगे बांधायची शेड आहे, तिथल्या आवारात लावली.

मी तिचं घर करतो आहे. हसू नकोस. शनिवारी शाळा दुपारी सुटते आणि सोमवारी सकाळपर्यंत मला काम नसतं. तेवढा वेळ हिप्परग्याच्या तळ्यावर जाऊन राहायचं. तिथे गिरण्यांचा धूर नाही, चाळीतली भांडणं नाहीत. दोन्ही बाजूंची बाकं काढून त्यांच्याच फळ्यांची एक खाट केली. ती खिडकीइतकी उंच घेतली, म्हणजे निजल्या निजल्या बाहेरचं दिसेल. मिस्त्री म्हणाले, "सिद्धूभाई, इतनी ऊंची कायकू? सोनेवाला गिरेगा ना." मी म्हटलं, असू दे. पडद्यांच्या जागी वर उचलायच्या झडपा बसवतोय, वारा आरपार जाईल अशा. मागे स्टोव्हला फळी आणि पाण्याचा डबा. तुझी भावजय केराबाई म्हणते, "घरात कधी खिळा ठोकला न्हाय, आन् मोटारीत संसार मांडला."

फुला शेडमध्ये स्टुलावर बसून मला हुकूम सोडते. बाहेर शाळेचं नाव रंगवलंय ते खरवडायला निघालो तर म्हणाली, "र्‍हाऊ द्या की मामा. माझी शाळा तेवढीच." काल तिने शाळेला दांडी मारली होती, म्हणून तसं म्हणाली. दुसरं काही नाही.

ज्वारी कशी आहे? उजव्या गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
सिद्धनाथ


सोलापूर,
ता. २६ जानेवारी १९३६

ती. मल्लक्कास, लांबूनच वाकून नमस्कार.

तिळगूळ मिळाला. फुलाने स्वतःच्या हाताने डबा उघडला. शेंगदाण्याची पोळी अर्धी खाल्ली, उरलेली संध्याकाळी खाते म्हणाली.

तू इकडे येते असं कळवलंस. आत्ता येऊ नकोस. परीक्षा जवळ आली, तू आलीस की तिचं लक्ष उडेल. शिवाय चाळीत चुना लावायचं काम चाललंय, झोपायचीही पंचाईत आहे. परीक्षा झाली की मीच तिला घेऊन येतो.

मोटार तयार झाली. आतापर्यंत सात शनिवार तळ्यावर गेलो. बांधाच्या अलीकडे एक लिंब आहे, त्याच्या सावलीत गाडी लावतो. झडपा वर केल्या की खाटेवरून सगळं पाणी दिसतं. सकाळी बदकं उतरतात. फुला त्यांना मोजते आणि वहीत लिहून ठेवते. केराबाई दगडांच्या चुलीवर भाकरी करते. मला तर काही कामच नसतं. गाडीखाली शिरून उगाच नट आवळत बसतो.

तिथे गोजरबाई नावाची एक धनगराची म्हातारी मेंढरं घेऊन येते. शेळीचं दूध देते, काही घेत नाही. परवा म्हणाली, "पोरीला काय हुतंय रं?" मी म्हटलं, "काय न्हाय आजी, हवा खायला आलोय." त्यावर म्हणते, "हवा खाऊन पोरगी अशी वाळती व्हय?"

हे मी उगाच लिहिलं. पण आता खोडलं तर तुला जास्त शंका येईल, म्हणून राहू देतो. म्हातार्‍या माणसांना दिसतं कमी.

खाली फुलाच्या हातच्या दोन ओळी आहेत.

*आई, मी बरी आहे. अभ्यास चांगला चालला आहे. काळजी करू नकोस. तुझी फुला.*

अक्षर जरा हललंय, कारण तिने गाडीत बसून लिहिलंय.

मास्तरांना नमस्कार. तू जपून राहा.

सिद्धनाथ


सोलापूर,
ता. १९ एप्रिल १९३६

मास्तर, हात जोडून सांगतो. हे पत्र ओट्यावर चारचौघांत वाचू नका. मल्लक्काला एकटीला घरात बसवा, दार लोटून घ्या आणि मग वाचा. माझी लाज राखायची म्हणून एकही ओळ गाळू नका.

आक्का,

नमस्कार लिहायला हात उचलत नाही, तरी करतो.

फुलाचं दिवसकार्य झाल्यावर मी निघालो तेव्हा तू उंबर्‍यात उभी होतीस. पोरीला आणली त्या दिवसानंतर तू माझ्याशी एक शब्द बोलली नव्हतीस. त्या दिवशी एवढंच विचारलंस, "इतक्या म्हैन्यात पोरीनं माझं नाव काडलं न्हाय का रं?" मी खाली बघत उभा राहिलो. तू समजलीस, नाही काढलं. तू दार लावून घेतलंस आणि मी अक्कलकोटची वाट धरली. त्या वाटेवरच मला कळलं, की पोर गेली ते गेलीच, पण ती आईला विसरून गेली असं तुझ्या मनात मी ठेवून आलो.

आक्का, तिने तुझं नाव काढलं होतं. आता पहिल्यापासून सांगतो.

सप्टेंबरात तिच्या रुमालावर पहिल्यांदा रक्त दिसलं. डॉक्टरांनी छाती तपासली, तिला बाहेर बसवलं आणि मला म्हणाले, "क्षय आहे. दोन्ही बाजूंना पोचलाय." सॅनिटोरियमला लिहिलं, खाट मोकळी नव्हती. मोकळी हवा, दूध आणि विश्रांती, बाकी इलाज नाही म्हणाले. घरी येताना फुलाने विचारलं, "मामा, आईला कळवनार?" मी म्हटलं, "कळवावं तर लागंलच की." तर माझा हात धरून म्हणाली, "परीक्षा हुईस्तवर नको. ती मला घिऊन जाईल." मी तिला शब्द दिला. ही गोष्ट खरी आहे, आणि पुष्कळ दिवस मी त्या शब्दाच्याच आडोशाला बसलो.

तुला आठवत असेल, भाऊजी गेल्यावर तू म्हणालीस की पोर शेतात हाताशी राहू दे. मीच तुझ्याशी भांडलो. माझ्या शाळेच्या मोटारीतून रोज शिकलेल्या पोरी जातात, आपली का नको, असं म्हणून तिला तुझ्या दारातून घेऊन आलो. आता कुठल्या तोंडाने लिहू, की तुझी एकुलती पोर गिरणीच्या धुरात ठेवून मी तिला हा रोग लावला? शिवाय माझं पत्र म्हणजे मास्तर वाचणार, ओटा ऐकणार. पंधरा वर्षांची बिनलग्नाची पोर. गावभर झालं तर बरी झाल्यावर तिला कोण करून घेईल, असंही मनात येई. बरी होणार याबद्दल मला शंकाच नव्हती. मला वाटे, एकदा गाडी झाली, एकदा झडपांतून वारा खेळला, की पोर चार महिन्यांत उभी राहील. मग तुझ्यापुढे उभी करून सांगेन, होती आजारी, झाली बरी.

केराबाई पहिल्या दिवसापासून सांगत होती, "अवो, तिच्या आईला कळवा. परक्याची पोर हाय ती." परक्याची म्हटलं म्हणून मी तिच्यावर ओरडलो. तिचा यात दोष नाही. पोरीचं सगळं तिने केलं.

शाळेत जाणं दिवाळीआधीच बंद झालं होतं. चाळीतल्या बायका तिला नळावर उभं राहू देईनात. घरमालक म्हणाला, पोरीला हलवा, नाहीतर तुम्ही हला. तेव्हापासून ती आठवडाभर शेडच्या आवारात मोटारीतच असायची, केराबाई दिवसभर तिच्याजवळ. दस्तगीर मिस्त्रींनी आवाराचं फाटक कधी आमच्या तोंडावर लावलं नाही. शनिवारी दुपारी मी नवी मोटार शाळेत लावून येई तेव्हा ती जुन्या मोटारीत वेणी घालून तयार बसलेली असायची. तळ्यावरचे दोन दिवस तिला चांगले जात. बदकांचं मी लिहिलं होतं ते खरं होतं. अभ्यासाचं, पडशाचं, चुन्याचं, सगळं खोटं.

आता ते सांगतो, ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो.

संक्रांतीच्या तिळगुळाचा डबा आला त्या दिवशी तिने तो छातीशी धरला आणि म्हणाली, "मामा, तुमी दिल्याला सबूद मीच मोडते. आईला बोलवा." मी म्हटलं, जरा वजन भरू दे, मग बोलवू. पुढच्या शनिवारी तळ्यावर पुन्हा तेच. मी म्हटलं, बघू. मग तुला पत्र लिहिताना तिला म्हटलं, दोन ओळी तू लिही. तिने लिहिलं, *आई, तू ये. मला इथे करमत नाही. तू आलीस की माझ्याजवळ नीज.*

तो कागद मी फाडला, आक्का. तिच्यादेखत फाडला. दुसरा कागद पुढे ठेवला आणि मी सांगितलं ते तिने लिहिलं. त्या वेळी ती रडली नाही. लिहून झाल्यावर टाक माझ्या हातात दिला आणि पाण्याकडे तोंड करून निजली. अक्षर गाडीमुळे हललेलं नव्हतं.

फेब्रुवारीत दोनदा भळभळून रक्त पडलं. मार्चातल्या पहिल्या शनिवारी अजून शिमगा व्हायचा होता. मी गाडीचं हँडल मारत होतो. ती आतून म्हणाली, "तळ्याला नको. घराकडं घ्या." त्या दिवशी मात्र मी बघू म्हणालो नाही. वळसंगपाशी इंजिनातलं पाणी उकळलं, अक्कलकोटच्या पुढे चाक बसलं. केराबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. प्रत्येक गावाला ती विचारायची, "ह्ये कुटलं?" मैंदर्गीची वेस दिसली तेव्हा तिने केस नीट करून मागितले.

तू रानातून विळा घेऊनच आलीस. झडपेतून आत बघितलंस आणि मला म्हणालीस, "ही कोन रं?" फुला हसली आणि तुला कानडीत हाक मारून म्हणाली, "अव्वा, मी." तुझ्या हातातून विळा पडला. तो आवाज अजून कानात आहे.

पुढचे अकरा दिवस तू तिला खाटेवरून हलू दिलं नाहीस आणि मला गाडीजवळ येऊ दिलं नाहीस. बरोबर केलंस. मी खळ्याच्या पलीकडे बसून असायचो. तिथून शब्द कळत नव्हते, तुमची कानडी-मराठी मिसळलेली कुजबूज तेवढी येई. पाचव्या दिवशी सकाळी तू तिला काहीतरी सांगत होतीस आणि ती खळखळून हसली. खोकला आला तरी हसत राहिली. आजारपणाचे सहा महिने ती माझ्याजवळ होती. मी दूध आणलं, अंडी आणली, शाळेच्या मोटारीचं घर केलं. तसं हसणं मी एकदाही ऐकलं नव्हतं. त्या सकाळी मला समजलं, की तिला हवा पुरवताना मी तिच्यापासून काय अडवून ठेवलं होतं. तुला अकरा दिवस मिळाले. संक्रांतीला तो कागद पाठवला असता तर आणखी दीड महिना मिळाला असता. पोर वाचली नसती, डॉक्टर तसं म्हणतात. पण तो दीड महिना तुमचा दोघींचा होता, आणि तो मी घेतला.

मोटार तुझ्या रानात उभी आहे. खाटेच्या फळ्या चुलीत घालू नकोस, डॉक्टरांनी बजावलंय. लांब नेऊन जाळ, किंवा कुणाकडून तरी जाळून घे. लोखंडाचं काय करायचं ते तुझ्या मनावर. मी ती परत मागणार नाही.

मला माफ कर असं लिहीत नाही. या पत्राचं उत्तर आलं नाही तरी मला चालेल. तुझ्या प्रश्नाला मी उंबर्‍यात उत्तर दिलं नाही, ते इथे लिहितो. मास्तर, हे सावकाश वाचा. आक्का, तिने तीनदा तुला बोलावलं होतं. दोनदा तोंडाने आणि एकदा लिहून.

निरोप माझ्याजवळ दिला होता, तो न पोचवलेला
तुझा भाऊ
सिद्धनाथ